निबंधाची वही आणि वाचणारा मास्तर

दलित आत्मकथनांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. त्यांतील भूक, त्यांतील भाषा, त्यांतील नकार आणि विद्रोह यांवर चर्चासत्रे झाली, प्रबंध झाले, विद्यापीठांच्या प्रश्नपत्रिकांतून दहा-दहा गुणांचे प्रश्नही निघाले. या सगळ्या लेखनात शाळेचा उल्लेख येतोच; पण तो ठरावीक साच्यातून येतो. मास्तर एक तर खलपुरुष असतो, नाही तर उदार अंतःकरणाचा सवर्ण उद्धारक. पहिल्याने छळले, दुसऱ्याने तारले आणि लेखक शिकला, एवढे सांगून समीक्षक पुढच्या प्रकरणाकडे वळतो. तेरा ते सतरा-अठरा या वयातले पोर वर्गात कशामुळे टिकते, आणि हजेरीपटावर नाव असूनही मनाने वर्गाबाहेर कशामुळे जाते, हा प्रश्न या पुस्तकांना कोणी नीट विचारलेला नाही. वास्तविक त्याचे उत्तर जर कोठे असेल तर ते याच पुस्तकांत आहे. शिक्षणशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत ‘किशोरावस्थेतील समायोजन’ अशा नावाचे प्रकरण असते. बी.एड.ला ते पाठ करून मार्क मिळवता येतात. पण त्या प्रकरणातल्या किशोराला जात नसते, आणि त्याच्या मास्तरालाही नसते.

‘मास्तर मला समजून घेतात’ असे एखादे मूल म्हणते, तेव्हा त्याला नेमके काय म्हणायचे असते? मास्तर प्रेमळ आहेत, मारत नाहीत, वह्या-पुस्तके घेऊन देतात, हे सारे त्यात असू शकते. परंतु या सर्वांच्या पलीकडे एक गोष्ट असते. ‘मी जे खरे आहे ते बोललो किंवा लिहिले, तर हा माणूस ते ऐकू शकेल’ असा तो विश्वास असतो. हा विश्वास असला की मूल वर्गात असते. नसला की ते बाकावर असते, एवढेच. दया आणि समजूत यांत आपण गल्लत करतो, आणि ही गल्लत आपल्या समीक्षेनेही केली आहे.

शरणकुमार लिंबाले यांच्या ‘अक्करमाशी’ (१९८४) मधला शाळेच्या सहलीचा प्रसंग बहुतेकांच्या लक्षात असेल. सवर्णांची मुले-मुली एका झाडाखाली जेवायला बसतात, महारांची पोरे दुसऱ्या झाडाखाली. तिकडचे उरलेसुरले अन्न गोळा होऊन इकडे येते. पोरे ते खातात. घरी आल्यावर आई विचारते की माझ्यासाठी का आणले नाहीस. या प्रसंगावर आजवर जे लिहिले गेले ते उष्ट्यावर लिहिले गेले, आणि ते योग्यही आहे. पण प्रसंग तेथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात सहलीवर निबंध लिहायला सांगितले जाते, आणि कशी सुरुवात करावी हे या मुलाला कळत नाही.

माझ्या मते या पुस्तकातले सर्वांत क्रूर वाक्य जर कोणते असेल तर ते ‘सहलीवर निबंध लिहा’ हे आहे. आणि ते उच्चारणारा मास्तर क्रूर नाही! त्याने सहल काढली, महारांच्या मुलांनाही बरोबर नेले, त्यांच्या पोटात चार घास जावेत याचीही व्यवस्था केली. आजच्या भाषेत सांगायचे तर तो ‘उपक्रमशील शिक्षक’ आहे. त्याने दया केली. फक्त आपण या पोराला काय लिहायला सांगत आहोत हे त्याच्या गावीही नाही. कारण त्याच्या डोक्यात सहल एकच झाली होती. प्रत्यक्षात त्या दिवशी दोन झाडांखाली दोन सहली झाल्या.

आता त्या मुलासमोर मार्ग कोणते? एक, वही कोरी ठेवणे. त्याबद्दल छडी मिळेल आणि ‘ही पोरे शिकायची नाहीत’ हा शिक्का पक्का होईल. दुसरा, वर्गमित्राच्या वहीतून किंवा बाजारातल्या ‘निबंधमाला’तून उतरून काढणे: सकाळची रम्य वेळ, पक्ष्यांचा किलबिलाट, आम्ही सर्वांनी मिळून वनभोजनाचा आनंद लुटला. याला दहापैकी सात मिळतात. म्हणजे खोटे लिहिले की गुण आणि खरे लिहायला जागाच नाही, हा धडा वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी पक्का होतो. ज्याला आपण घोकंपट्टी म्हणून नावे ठेवतो, तिचे मूळ पुष्कळदा बुद्धीच्या उणिवेत नसते, ते येथे असते. गळतीचे आकडे सरकार मोजते. पण वर्गात बसून, खाली मान घालून, उतरवून काढणाऱ्या मुलाची गळती कोणत्या रकान्यात मोजायची? ते मूल कदाचित पहिल्या श्रेणीत पासही होईल. पण शाळेशी त्याचा संबंध त्या वहीवरच तुटलेला असतो.

म्हणूनच मला असे वाटते की आपली बरीचशी आत्मकथने म्हणजे शाळेच्या वहीत लिहिता न आलेले निबंध आहेत. ती तीस-चाळिसाव्या वर्षी लिहिली गेली, कारण तेराव्या वर्षी ती वाचणारा कोणी नव्हता. त्यांच्या वाङ्मयीन रूपाचा विचार करताना, म्हणजे त्यांची तुटक मांडणी, प्रसंगांचे एकावर एक येणे, कोणाला तरी समोर बसवून सांगण्याचा सूर, या गोष्टींचा विचार करताना हे ध्यानात घ्यायला हवे. दया पवारांना ‘बलुतं’ (१९७८) मध्ये ऐकणारा माणूस स्वतःच निर्माण करावा लागला. दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. समीक्षकांनी त्याला तंत्र म्हटले. मला त्यात ऐकणाऱ्याचा शोध दिसतो.

परंतु हा निबंध एकदा लिहिला गेला होता, आणि तोही फार पूर्वी. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे ही जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मांग जातीची किशोरवयीन विद्यार्थिनी. पेशवाईत मांगा-महारांना इमारतींच्या पायांत कसे गाडीत, तालीमखान्यापुढून गेल्याबद्दल गर्दन कशी मारीत, आपल्या स्त्रियांना बाळंत होताना डोक्यावर छप्परही कसे नसते, आणि ज्यांना वेद वाचण्याचा अधिकार नाही त्यांचा धर्म तरी कोणता, असे सारे या मुलीने लिहिले. या निबंधाचा गौरव आपण ‘पहिली दलित लेखिका’ म्हणून करतो. तो करावाच. पण या निबंधाला आणखी एक बाजू आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत अक्षर न ओळखणारी मुलगी धर्मालाच प्रश्न विचारण्याइतकी वर्गात कशी रमली? एखाद्या मुलाचे मन वर्गात आहे याची याहून मोठी साक्ष कोणती? आणि ती हे लिहू शकली, कारण वही ज्यांच्या हाती जाणार होती ते ती फाडणार नाहीत, ‘विषय सोडून लिहिले’ असा शेरा मारणार नाहीत, याची तिला खात्री होती. तिचे शिक्षक तिच्या जातीचे नव्हते. ते तिला कीव म्हणून शिकवत नव्हते. तिला जे ठाऊक आहे ते आपल्याला ठाऊक नाही, आणि ते ऐकण्यासारखे आहे, एवढे त्यांना समजले होते.

एकशे तीस वर्षांच्या अंतराने दोन वह्या अशा समोरासमोर ठेवाव्यात: १८५५ची भरलेली आणि ‘अक्करमाशी’तली कोरी. मधल्या काळात शाळा वाढल्या, कायदे झाले, शिष्यवृत्त्या आल्या. वही वाचणारा मात्र त्या प्रमाणात वाढला नाही.

वही कोरी ठेवणाऱ्याचे काय होते ते पाहिले. तोंड उघडणाऱ्याचे काय होते? ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या ‘जूठन’ (१९९७) या हिंदी आत्मकथनात याचे उत्तर आहे. उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातली बरला गावची शाळा. प्राथमिक वर्गात असताना हेडमास्तर या मुलाला वर्गात बसू न देता शाळा आणि मैदान झाडायला लावतो, आणि बाप ते पाहून भर शाळेत जाब विचारतो, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. मला त्यानंतरचा, मोठ्या इयत्तेतला प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो. मास्तर द्रोणाचार्यांचे दारिद्र्य शिकवत आहेत. अश्वत्थाम्याला दुधाऐवजी पाण्यात कालवलेले पीठ दिले, हे सांगताना त्यांचा कंठ दाटून येतो. सारा वर्ग हळहळतो. तेव्हा हा मुलगा उभा राहून विचारतो की, दूध तर सोडाच, आम्हाला तांदळाचे मांड प्यावे लागले त्याचा उल्लेख कोणत्या महाकाव्यात का नाही? मास्तर त्याला कोंबडा करतात आणि पाठीवर वेताने वळ उठवतात.

प्रश्न काय विचारला हे बाजूला ठेवून, तो कोणत्या परिस्थितीत विचारला गेला ते पाहा. मुलगा धडा लक्ष देऊन ऐकत होता. ऐकलेले स्वतःच्या घराशी ताडून पाहत होता. द्रोणाचार्यांचे दुःख त्याला कळले होते, म्हणूनच त्याला आपले आठवले. शिक्षणशास्त्र ज्याला ‘पूर्वज्ञानाशी सांगड’ म्हणते आणि जी घालण्यासाठी पाठ-टाचणात वेगळा रकाना असतो, ती सांगड त्याने आपली आपण घातली. त्या वर्गात त्या क्षणी त्याच्याइतका एकाग्र विद्यार्थी दुसरा नसेल. आणि मार त्या एकाग्रतेलाच बसला. पुढे बारावीला रसायनशास्त्राचे शिक्षक त्याला प्रयोगशाळेपासून दूर ठेवत राहिले, त्याचे वर्ष बुडाले, आणि तो गाव सोडून डेहराडूनला गेला. शाळेच्या दप्तरी याची नोंद ‘अनुत्तीर्ण’ एवढीच झाली असेल.

वरील दोन्ही उदाहरणांतले मास्तर सवर्ण आहेत. तेव्हा प्रश्न सवर्णतेपाशीच मिटला, असे कोणी म्हणेल. तो इतक्या सोप्या रीतीने मिटत नाही. कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१) पाहा. नागपूरची ही पूर्वास्पृश्य मुलगी शाळेत संस्कृत घ्यायचे ठरवते. शिकवणारे गोखले गुरुजी. धोतर, कोट, टोपी, कपाळी गंध. त्यांना पाहूनच तिला वाटते की हे आपल्याला काही शिकवायचे नाहीत. आणि ते शिकवतात, मनापासून शिकवतात. आपला अंदाज चुकला याचे तिला आश्चर्य वाटते. पुढे विद्यापीठात मात्र संस्कृतचे नामांकित विभागप्रमुख तिचे तेथे असणेच सहन करू शकत नाहीत. पदव्युत्तर पदवी मिळाल्यावरही नोकरी मिळेना. आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलले आणि मग ती मिळाली, हे त्यांनी स्वतःच लिहिले आहे.

याच संस्कृतच्या दारावर तिच्या कितीतरी आधी दुसरा एक विद्यार्थी अडवला गेला होता. एल्फिन्स्टन हायस्कूलात भीमराव आंबेडकरांना संस्कृत घ्यायचे होते, पण ते घेऊ दिले गेले नाही, फारसी घ्यावी लागली. तेच वय, तोच विषय. फरक समोरच्या माणसाचा. बाबासाहेबांनी पुढे संस्कृतचा अभ्यास आपल्या हिमतीवर केला. पण सगळी पोरे बाबासाहेब नसतात, आणि शाळा ही काही केवळ असामान्यांसाठी काढलेली नसते.

गोखले गुरुजींना त्या मुलीच्या वस्तीचे, घराचे, भुकेचे काय ज्ञान होते? बहुधा फार नसावे. त्यांना एवढेच समजले की हिला संस्कृत हवे आहे. मुलाची गरिबी समजणे आणि मुलाची ओढ समजणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते दुसरी अधिक दुर्मीळ आहे. आपल्या पोरांची गरिबी सर्वांना दिसते. तिच्यावर योजना निघतात. त्यांना काय आवडते, कशात त्यांचे डोके चालते, हे विचारण्याचे मात्र कोणाला सुचत नाही. जणू गरिबाच्या पोराला पोट असते, आवड नसते! चर्नी रोडच्या बागेत रोज संध्याकाळी एक मुलगा पुस्तक वाचत बसलेला कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी पाहिला आणि त्याची चौकशी केली. केळुसकर शिक्षक होते, पण विल्सन हायस्कूलातले. त्या मुलाच्या शाळेतले नव्हते. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा त्यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले, आणि पुढे बडोद्याच्या सयाजीरावांकडून शिष्यवृत्ती मिळवून देण्यासाठी खटपट केली. शिष्यवृत्ती ही मदत झाली. पण पुस्तक ही ओळख होती: तू वाचणारा आहेस, हे मला दिसले आहे. त्या ओळखीचा शेवट १९५६ साली नागपूरला झाला असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या प्रास्ताविकात स्वतः बाबासाहेबांनीच या पुस्तकाची आठवण सांगितली आहे.

अर्थात, समजूत नेहमी अशी आपण होऊन चालत येत नाही. ती कधी कधी भांडून घ्यावी लागते. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’ (२००३) मध्ये गुरुजी लहान ऊर्मिलाला शाळेच्या आवारातले शेण काढायला सांगतात. ती नकार देते, थोबाडीत बसते. घरी विधवा आई बांबूची आयदाने विणत बसलेली. ती गुरुजींना रस्त्यात गाठून विचारते, मी हे काबाडकष्ट कशासाठी करते आहे? पोरे शिकावीत म्हणूनच ना? त्यानंतर मुलीची शाळेची भीती जाते. या प्रसंगात गुरुजींचे हृदयपरिवर्तन झाले की नाही याला महत्त्व नाही. आपल्या पाठीशी उभे राहून कोणी बोलले, आणि गुरुजींना ऐकावे लागले, हे मुलीने पाहिले. चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी हे ध्यानात घ्यावे असे आहे. शाळेच्या दारात जाऊन बोलणारा माणूस मुलाला दिसणे, हेही शिक्षणाचेच काम आहे.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे, आणि तो आपल्याच लोकांकडून येईल. मूल शाळा सोडते ते उपासमारीने, बापाच्या कर्जाने, ऊसतोडीने. बीड जिल्ह्यातले टोळीवर जाणारे कुटुंब दिवाळीच्या सुमारास निघते ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. तेराव्या-चौदाव्या वर्षी पोर कोयता धरायच्या कामाचे होते, आणि पोरीचे लग्न लावून टाकले की ‘कोयता’ पुरा होतो. तेथे मास्तराने समजून घेतले काय किंवा न घेतले काय? हा आक्षेप खरा आहे, आणि ज्यांना शिक्षणाचा प्रश्न केवळ मनोवृत्तीचा वाटतो त्यांना तो ऐकवलाच पाहिजे. प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) मधल्या पोरक्या, बहिणीच्या आश्रयाने वाढलेल्या मुलाची भूक कोणत्याही मास्तराच्या गोड शब्दाने भागली नसती. पण आक्षेप एवढा खरा असूनही अपुरा आहे. सारखीच उपाशी दोन मुले घ्या. त्यांतले एक सहा महिने टोळीवर राहून परत येते आणि वर्गाच्या दारात उभे राहते. दुसरे परत येते आणि शाळेवरून मान खाली घालून जाते. त्या दारात पहिल्या दिवशी काय ऐकू येईल याचा अंदाज दोघांनीही बांधलेला असतो. ‘आलास का? बरं झालं. बस’ आणि ‘आले पाहुणे!’ यांत भुकेचा फरक नाही.

हा अंदाज म्हणजे काही हळव्या मनाची कल्पना नव्हे, हे दाखवणारा एक प्रयोग आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन अभ्यासकांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या ३२१ उच्चजातीय व ३२१ पूर्वास्पृश्य मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले आणि २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्ही गटांची कामगिरी जवळजवळ सारखी होती. सर्वांसमोर नाव, गाव, बापाचे नाव आणि जात वाचून दाखवली तेव्हा पूर्वास्पृश्य मुलांची कामगिरी घसरली. तीच मुले, तेच कोडे, तेच बक्षीस. बक्षीस कोणाला मिळणार हे माणसाच्या हाती न ठेवता सोडतीवर टाकले, तेव्हा ही दरी उरली नाही. म्हणजे मुलाला कोड्याची भीती नव्हती, कोडे तपासणाऱ्याची होती. चिठ्ठीला जात नसते हे बारा वर्षांच्या पोराला कळते.

आणि मग आपण आपल्या शाळा-महाविद्यालयांत काय करतो? शिपाई सूचनेची वही घेऊन भर तासाला येतो आणि शिक्षक मोठ्याने वाचतात: बी.सी.ची मुले उभी राहा, शिष्यवृत्तीचे फॉर्म राहिलेत. साठ मुलांतली वीस उभी राहतात. उरलेली चाळीस वळून बघतात. मी अकरावी-बारावीचे आणि पदवीचे तास घेते. त्या सूचनेनंतरच्या अर्ध्या तासात उभ्या राहिलेल्यांपैकी कोणी प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही. शिष्यवृत्ती हा हक्क आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही, हे भाषणात ठीक आहे. सोळा वर्षांच्या मुलाला हक्क आणि दाखवलेले बोट यांतला फरक नेमका कळतो. मुलाची जात माहीत असणे म्हणजे त्याला समजून घेणे नव्हे. जात तर गावातल्या पाटलालाही माहीत होती.

आता मूळ मुद्द्याकडे येते. हा सारा विचार आपल्या परंपरेत नवा नाही. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात प्राथमिक शिक्षक कसा असावा याचा ऊहापोह आहे. तो शेतकरी वर्गातून आलेला, प्रशिक्षण घेतलेला असावा. तो मुलांत मोकळेपणाने मिसळेल आणि त्यांच्या गरजा व इच्छा अलिप्त राहणाऱ्या ब्राह्मण शिक्षकापेक्षा अधिक जाणेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. शिक्षकाचा किमान पगार बारा रुपये असावा हेही त्यांनी सांगितले, कारण उपाशी शिक्षकाकडून समजूतदारपणाची अपेक्षा करणे त्यांना मान्य नव्हते. (सध्याच्या तासिका तत्त्वावरच्या नेमणुका पाहून जोतीराव काय बोलले असते?) गरजांबरोबर त्यांनी इच्छांचाही उल्लेख केला, हे विशेष. गोखले गुरुजी आणि केळुसकर यांच्या बाबतीत वर जे म्हटले ते जोतीरावांनी आधीच ओळखले होते. आणि आणखी एक अट त्यांनी घातली होती, जी आपण विसरलो: या शिक्षकाला वेळप्रसंगी नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हातात धरायला लाज वाटू नये.

जोतीरावांच्या मागणीचा पहिला भाग आज बऱ्याच अंशी पुरा झाला. जिल्हा परिषदेच्या शाळांपासून विद्यापीठांपर्यंत आपले मास्तर, आपल्या बाई, आपले प्राध्यापक आहेत. तेव्हा आपल्या मुलांची समस्या सुटायला हवी होती. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी भारतात केलेला व २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर जात, वय वगैरे तपशील चिठ्ठ्या टाकून बदलून लिहिले आणि त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. ज्या उत्तरपत्रिकेवर खालची जात लिहिली होती तिला किंचित कमी गुण पडले. फरक लहान होता, पण होता. आणि तो उच्चजातीय तपासनिसांकडून नव्हे, तर खालच्या जातींतल्या तपासनिसांकडून आला होता.

एका अभ्यासावरून सर्वांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. शिवाय हा निष्कर्ष हाती घेऊन ‘बघा, तुमचेच लोक’ म्हणणारे टपलेले आहेत, त्यांना हे खाद्य पुरवण्याची माझी इच्छा नाही. पण त्यांच्या भीतीने आपण आपल्यातही बोलायचे नाही, हे मला पटत नाही. आपल्या शिक्षकाला आपले पोर समजत नाही असे मुळीच नाही. त्याच्याइतके ते कोणालाच समजत नाही. मुलाच्या शर्टाच्या मळक्या कॉलरीवरून घरात बाई आजारी आहे हे तो ओळखतो. ‘पोट दुखत होतं’ या चिठ्ठीमागे काय असते ते त्याला ठाऊक असते. पण हे समजले आहे असे दाखवले, तर आपणही तेथलेच आहोत हे स्टाफरूममध्ये उघड होते. ज्याने आडनाव, बोली, राहणी सगळे घासून पुसून ती खुर्ची मिळवली, त्याला समोरच्या बाकावर बसलेला आपलाच चेहरा परवडत नाही. मग तो इतरांपेक्षा कडक होतो. ‘आम्ही नाही का शिकलो कंदिलाखाली? तुम्हाला तर सगळं मिळतंय.’ हे वाक्य मी सवर्ण सहकाऱ्यांपेक्षा आपल्या सहकाऱ्यांच्या तोंडून अधिक ऐकले आहे. आणि निबंधात ‘व्हता’, ‘आन्’, ‘माय म्हनली’ दिसले की तांबड्या शाईची सर्वांत जाड रेघ आपलीच असते. याच बोलीतल्या जगण्याला १९८१ साली लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’च्या रूपाने साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो पाठ शिकवताना आपण बोलीच्या सामर्थ्यावर टिपण देतो, आणि वर्गातल्या पोराच्या वहीतली तीच बोली खोडतो. प्रमाणभाषा शिकवू नये असे मी म्हणत नाही. परीक्षेला, मुलाखतीला ती लागते. ती न शिकवणे हा आपल्या मुलांचा घात ठरेल. पण काय लिहिले आहे ते वाचण्याआधी कसे लिहिले आहे ते खोडणे, ही सवय आपण कोणाकडून उचलली?

रुमणा हाती धरायची लाज, ती ही.

आपल्या आत्मकथनांच्या समीक्षेतही या जागी एक रिकामी जागा आहे, आणि तिचे कारण आत्मकथनांतच आहे. सोनकांबळे, लिंबाले, कुमुद पावडे हे सारे अध्यापनाच्या क्षेत्रात राहिले. ‘माझ्या जल्माची चित्तरकथा’ (१९८६) लिहिणाऱ्या शांताबाई कांबळे तर शाळेत शिकवणाऱ्या बाई होत्या. बाकावर बसलेल्या पोराचे जे जे झाले ते या पिढीने निर्भयपणे सांगितले. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेल्यावर काय झाले, समोर बसलेल्या पोरांच्या वह्या कशा वाचल्या, कोणाला पाहून न पाहिल्यासारखे केले, यावर मात्र फारच थोडे लिहिले गेले. बहुतेक ठिकाणी नोकरी लागली की कथन आवरते घेतले जाते, जणू त्यानंतर जे घडले ते खाजगी. खरे तर त्यानंतर जे घडले त्याचा संबंध पुढच्या शेकडो पोरांशी आहे. ‘बलुतं’मध्ये दगडू बोलू शकला, कारण दया पवारांनी त्याला समोर बसवून घेतले. स्टाफरूममधल्या दया पवारांना रोज वर्गात एक नवा दगडू दिसतो. त्याला ओळख द्यायची की हजेरी घेऊन धड्याकडे वळायचे, हे तेथल्या तेथे, अर्ध्या मिनिटात ठरते. या अर्ध्या मिनिटाविषयी आपल्या एकाही प्राध्यापकाने लिहिलेले आत्मकथन अजून माझ्या वाचनात आलेले नाही.